तीन नंबरची किल्ली

चि. ईशान आणि चि. मृण्मयी,

हा मजकूर आमच्याकडच्या एका दिवाळी अंकाला दिला आहे, पण लिहिला आहे तुम्हा दोघांसाठी. अंकवाल्यांना कारखान्यातल्या आठवणी हव्या होत्या. मला मात्र ईशानच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. एका लेखात दोन्ही कामं होतील असं वाटलं.

ईशान, गेल्या महिन्यात तू तुझ्या कंपनीनं बनवलेल्या कुलपाचा फोटो पाठवलास. कारखान्यातल्या विजेच्या कपाटाला लावायचं कुलूप. त्याला किल्ली नाही, कार्ड दाखवलं की उघडतं, आणि कोणी कधी उघडलं ते स्वतःच्या पोटात लिहून ठेवतं. तू विचारलंस, "आजी, तुमच्या वेळी हे सगळं कोण करायचं?" मी म्हटलं, "मी करायचे." तू हसलास. तुला ते विनोदानं म्हटल्यासारखं वाटलं. तुझ्या आईनंसुद्धा या बाबतीत मला कधी काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. आता त्या कारखान्यातली माझ्या वयाची माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. जे घडलं ते नीट क्रमानं सांगेल असं बहुतेक मीच उरले आहे, आणि माझीही स्मृती पूर्वीसारखी राहील याची खात्री नाही. म्हणून आत्ताच.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तुमचे आजोबा मोताळ्याच्या शाळेत शिक्षक होते. मी मूळची बुलढाण्याची, अमरावतीला राहून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. लग्न करून मोताळ्याला आले तेव्हा त्या इंग्रजीचा उपयोग फक्त औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचण्यापुरता होता. शेजारपाजारच्या बायका बाटल्या घेऊन येत आणि मी वाचून सांगे.

गावाबाहेर एक सहकारी जिनिंग-प्रेसिंग होतं. जिनमध्ये कापसातून सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधतात. तोवर ते ऑइल इंजिनवर चालायचं. मग वीज आली, आणि विजेबरोबर मुंबईहून एक पॅनेल आलं. मलकापूर स्टेशनवर उतरवून ते ट्रकनं आणलं. त्याच्याबरोबर चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक होतं. मॅनेजर इंगळे साहेबांनी ते चार दिवस टेबलावर ठेवलं आणि पाचव्या दिवशी शाळेत निरोप पाठवला, की मास्तरांच्या मंडळींना वेळ असेल तर बरं होईल. मी पुस्तक वाचायला म्हणून गेले आणि एकवीस वर्षं राहिले.

पॅनेल म्हणजे पत्र्याचं उभं कपाट. आमचं आठ कप्प्यांचं होतं. एकेका कप्प्यात एकेका मोटारीचा स्विच. एक नंबर मुख्य, दोन नंबर दिव्यांचा, तीन नंबर जिनचा, आणि पुढे प्रेस, पंप वगैरे. कप्प्याच्या दाराला बाहेरून हँडल. हँडल चालू बाजूला असलं की दार उघडत नाही. आतल्या आत एक खीळ अडकते. ते बंद बाजूला आणलं की दार उघडतं, आणि हँडलला आरपार एक भोक मोकळं होतं. त्या भोकात कुलूप घातलं की हँडल फिरवता येत नाही, म्हणजे मोटार कोणालाही सुरू करता येत नाही. एवढीच युक्ती आहे. मी ती पहिल्या दिवशी समजून घेतली, आणि आपण काही तरी मोठं यंत्रशास्त्र शिकलो असं मला वाटलं.

दारांचं कुलूप मात्र सुरुवातीला फारच साधं होतं. तीन कोनी खुंटी, तिच्यावर तीन कोनी नळीची किल्ली. एकच किल्ली आठही दारांना चाले. पक्कड असली तर किल्लीचीही गरज नव्हती. एकदा मी पाहणीला गेले तर सहा नंबरच्या कप्प्यात, खालच्या बाजूला, फडक्यात बांधलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा. वायरमन गजाननला विचारलं.

"बाई, अख्ख्या जिनात उंदीर जात नाही अशी हे एकच जागा हाये," तो म्हणाला.

"आणि शॉक लागला तर?"

"भाकरीले?"

माझ्यासमोर हसू नये म्हणून तो वळून उभा राहिला. गजानन तेव्हा पंचविशीतला, बारीक, चलाख. त्याला वीज येत होती आणि मला पुस्तक येत होतं, म्हणून आम्हाला एकमेकांची गरज होती. पुढच्याच आठवड्यात मी मुंबईला पत्र लिहून प्रत्येक दाराला वेगळ्या किल्लीचं कुलूप मागवलं, आणि हँडलांसाठी आठ पितळी कुलपं. दरेकाची किल्ली वेगळी, किल्लीवर नंबर ठोकलेला.

त्यावरून संचालक मंडळात चांगलीच कुरकुर झाली. आमचे चेअरमन, सगळे त्यांना आप्पा म्हणत, वयस्कर शेतकरी, मनानं चांगले. त्यांनी येऊन माझ्याकडे दुसरा जुडगा मागितला.

"कारखाना आमचा आन् चाब्या मास्तरीनबाईपाशी?"

मी म्हटलं, "आप्पा, दुसरा जुडगा लखोट्यात बंद करून तिजोरीत ठेवलाय. लाखेवर तुमच्याच अंगठीचा ठसा घेऊ."

त्यांना ती अंगठीची गोष्ट इतकी आवडली की किल्ल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता या सगळ्याचं मूळ सांगते, कारण पुढचं त्यावर आहे. त्या इंग्रजी पुस्तकात एक नियम होता. यंत्रावर जो माणूस काम करायला जाईल, त्यानं स्वतः स्विच बंद करावा, स्वतः कुलूप लावावं आणि काम संपेपर्यंत किल्ली स्वतःच्या अंगावर बाळगावी. दुसऱ्या कोणाकडे देऊ नये. हे मी मराठीत केलं, मोठ्या अक्षरात लिहिलं, पुठ्ठ्यावर चिकटवून पॅनेलजवळ टांगलं. आमच्याकडे अर्ध्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी आणखी एक सोय केली. ऑफिसच्या दाराबाहेर हँडलांच्या कुलपांच्या किल्ल्यांसाठी लाकडी बोर्ड लावला, आठ हुक आणि वर आठ नंबर. मोटार बंद असली की हँडलला कुलूप असायचंच, आणि किल्ली बोर्डावर. फिटर कामाला गेला की त्या नंबरची किल्ली घेऊन जाणार. म्हणजे रिकामा हुक दिसला की तिथं माणूस आहे, हात लावू नये. बोर्ड भरलेला असला की कोणी आत नाही, वायरमननं किल्ली घ्यावी, कुलूप काढावं, मशीन सुरू करावी. शिवाय माझ्याकडे रजिस्टर. कोणी किल्ली नेली, किती वाजता, परत कधी, सही.

सुरू करण्याआधी गजानन बोर्डाकडे पाही आणि तरीही मला विचारी, "बाई, बोर्ड भरला ना?" मी वर पाहून "भरला" म्हणे. मग तो जाई. दिवसातून तीन-चारदा हे होई. पुस्तकात नव्हतं, आमचं आम्ही सुरू केलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

जिनचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो. खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा असते. शेतकरी नांगर-विळ्याची करतो, आम्ही मशिनींची करायचो. पूजा झाली की मुहूर्त म्हणून जिन पाच मिनिटं रिकामं चालवायचं, मग पेढे. पॅनेल आल्यानंतरची ती दुसरी खंडेनवमी होती. आदल्या वर्षी पॅनेलला हार घातला होता. या वर्षी इंगळे साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या किल्ल्याही ठेवा की पूजेत. हत्यारच ते."

मला फार बरं वाटलं. मी घरून तबक आणलं होतं, चिंचेनं घासून लख्ख केलेलं.

त्या दिवशी सकाळी तुळशीराम फिटर आठ वाजता येऊन तीन नंबरची किल्ली घेऊन गेला होता. तुळशीराम मोताळ्याचाच, पस्तिशीचा, घरी थोडी शेती, बायको कौसल्या आणि दोन मुलं. कारखान्यातला सर्वांत जुना माणूस. ऑइल इंजिनच्या काळापासून मशिनी त्यानंच सांभाळल्या. जिनघराच्या जमिनीखाली एक लांब बोळ होता, त्यात सगळ्या जिनना फिरवणारा लोखंडी दांडा आणि त्यावरचे चामडी पट्टे. कामगार त्या बोळाला गल्ली म्हणत. एका पट्ट्याचा सांधा उसवला होता. तो शिवून काढायला तुळशीराम गल्लीत उतरला होता. स्विच बंद, कुलूप लावलेलं, किल्ली त्याच्या खिशात. सगळं नियमाप्रमाणे.

साडेनऊला मी तबक घेऊन बोर्डावरच्या किल्ल्या काढल्या. सात झाल्या. आठवीसाठी मी जिनघरात गेले आणि गल्लीच्या तोंडाशी वाकले.

"तुळशीरामभाऊ, किल्ली हवी होती. पूजेत ठेवायची आहे."

खालून आवाज आला, "बाई, दोन-चार टाके राह्यले अजून."

तिथं मी "मग असू द्या" म्हणून परत फिरायला हवं होतं. नियम मीच लिहिला होता. पण माझ्या मनात त्या घटकेला यंत्र नव्हतं, तबक होतं. तबकात सात किल्ल्या ओळीनं मांडलेल्या आणि एक जागा मोकळी. मी म्हटलं, "सगळ्या आल्या, तुमची एकच राहिली."

"मंग तिलेच काऊन उपाशी ठेवता? थांबा, हात तेलाचे हायेत."

त्यानं किल्ली शर्टाला पुसली आणि वर केली. "घ्या. मी आलोच."

मी ती घेतली. तो पुन्हा आत गेला.

पूजा छान झाली. गुरुजींनी किल्ल्यांवर हळदकुंकू वाहिलं, आप्पांनी नारळ फोडला. तुळशीराम दिसत नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पाच-पन्नास माणसांची गर्दी होती. पूजा आटोपल्यावर मी तबक उचललं, ऑफिसबाहेर आले आणि सवयीनं, नंबर पाहून, आठही किल्ल्या आपापल्या हुकावर लावल्या. कुंकू लागलेल्या आठ किल्ल्या. मला रिकामा हुक बघवत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही.

मग मी पेढे वाटायला घेतले. गजानन आला. तो अंघोळ करून, नवा सदरा घालून आला होता. मुहूर्ताचं बटण त्याचं. त्यानं बोर्डाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, बोर्ड भरला ना?"

मी वळून पाहिलं आणि म्हटलं, "भरला."

जिन सुरू झाल्याचा आवाज मला ओळखीचा होता. त्या दिवशी तो नीट लागला नाही, मध्येच काही तरी आपटल्यासारखं झालं. गजाननला ते माझ्याआधी कळलं. त्यानं लगेच बंद केलं आणि पॅनेलपासून गल्लीपर्यंत धावत गेला. खाली सर्वांत आधी तोच उतरला. तुळशीरामचा उजवा हात पट्टा आणि चाक यांच्यामध्ये गेला होता. मी वर उभी होते. माझ्या हातात पेढ्यांचा डबा होता, तो मी कितीतरी वेळ खाली ठेवला नाही, एवढंच मला आठवतं.

आप्पांच्या जीपमधून त्याला राजूर घाटानं बुलढाण्याला नेलं. जीव वाचला. हात कोपराच्या खाली काढावा लागला.

दुपारी इंगळे साहेबांनी मला बोलावलं. ते वाईट मनुष्य नव्हते. घाबरलेले होते. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार, चौकशी होणार, नवा सहकारी कारखाना, पहिलाच मोठा अपघात. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर सरकवलं.

"बाई, परतीचा रकाना कोरा आहे."

"पूजेची नोंद करत नाहीत, साहेब. सातही किल्ल्यांची नाही केली."

"ते राहू द्या. किल्ली त्यानं तुमच्या हातात दिली की नाही?"

"दिली."

"मग तेवढंच लिहा. खोटं लिहा असं मी म्हणतच नाही."

मी लिहिलं. रजिस्टर इंग्रजीत असे. तीन नंबर, तुळशीरामनं परत केली, नऊ चाळीस. त्या ओळीत एकही शब्द खोटा नव्हता. त्या ओळीचा अर्थ मात्र असा होत होता की काम संपल्याचं सांगून माणूस पुन्हा विनाकारण गल्लीत उतरला. म्हणजे कारखान्याची चूक नाही, गजाननची नाही, माझी नाही. ज्याचा हात गेला, चूक त्याची. आणि स्वतःच्या चुकीनं अपंग झालेल्या फिटरला कारखान्यानं कामावर का ठेवावं, हा प्रश्न मग आपोआपच येणार होता. हे लिहिताना मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी त्या दिवशी फक्त घरी जायला निघण्याची वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशी गजानन माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. तोच सदरा अंगावर होता, बाहीला तेलाचा डाग. तो म्हणाला, "बाई, साहेब म्हनतात, तुमच्या वहीनं मी सुटून राह्यलो."

"हो."

"मी तुमाले इचारलं होतं. तुमी भरला म्हनल्या. मले कोनी इचारलं तर मी तेवढंच सांगीन. कमी नाही, जास्त नाही."

"तेवढंच सांगा," मी म्हटलं.

तो गेला नाही. खिडकीच्या गजाला हात लावून उभा राहिला. "कालपासून जेवन जाऊन नाही राह्यलं," तो म्हणाला, आणि मग गेला.

तिसऱ्या दिवशी मी बसनं बुलढाण्याला गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात कौसल्या बसली होती. तिनं मला पाहिलं आणि पदर सावरून विचारलं, "झाली का बाई पुरी पूजा?"

तिनं बाजूला सरकून वाट दिली.

तुळशीराम खाटेवर उताणा होता. मला पाहून उठू लागला, मी नको म्हटलं. तो म्हणाला, "साहेब येऊन गेले. म्हने, चाबी तूच परत देली ना. म्या म्हनलं, हाव, देली. पूजेले देली."

"पूजेला दिली, असं त्यांनी लिहून घेतलं का?"

"ते काई माईत नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला." त्यानं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "बाई, एक इचारू? बोर्डाले चाबी कोनं लावली?"

"मी."

"मले वाटलंच. तुमाले रिकामं काई दिसलं की चैन पडत नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. यंत्राचा बिघाड कुठे होता ते सापडल्यावर तो जसा बोलायचा, तसाच बोलला. "माहं बी चुकलं. जो काम करते त्यानं चाबी देऊ नाही, हे तुमी दहा खेप वाचून दाखवलं होतं. पन देवाचं म्हनल्यावर नाही कसं म्हना?"

कौसल्या दाराशी आली होती. ती म्हणाली, "देव काय मांगाले आला होता? बाई आल्या होत्या."

"गप बस," तो म्हणाला.

"गप कायले बसू? लिवनारे सारे खुर्चीवर, आन् अंगठा यांचा."

तिचं बरोबर होतं. परतीच्या बसमध्ये घाट उतरताना मी तिचं वाक्य मनात फिरवत होते. घरी आल्यावर तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "नोकरी जाईल."

"जाईल."

"घर माझ्या पगारात चालतं. मुलगी लहान आहे, खर्च नाही. तू लिही."

इन्स्पेक्टर चौथ्या दिवशी आले. उतारवयाचे गृहस्थ, धूळ बसलेली टोपी, हळू बोलणारे. इंगळे साहेब त्यांना प्रेस दाखवत होते तेवढ्या वेळात मी रजिस्टर उघडलं. पान फाडलं नाही. माझी ओळ लाल शाईनं अशी खोडली की खालचं वाचता यावं, आणि शेजारी लिहिलं: काम चालू असताना ही किल्ली पूजेसाठी मी मागून घेतली, बोर्डावर मी लावली, वायरमननं विचारल्यावर बोर्ड भरला असं मी सांगितलं. खाली पूर्ण सही. ते परत आल्यावर रजिस्टर त्यांच्या हातात दिलं. इंगळे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर.

इन्स्पेक्टरांनी दोनदा वाचलं. "किल्ल्यांची पूजा दर वर्षी करता?"

"या वर्षी पहिल्यांदा."

"आणि भिंतीवरचे नियम मराठीत कोणी केले?"

"मी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता काही बोलतील. ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे," आणि लिहू लागले. ते कशाबद्दल म्हणाले, नियमांबद्दल की लाल शाईबद्दल, हे मला आजवर कळलेलं नाही.

अहवालात अपघाताची जबाबदारी कारखान्यावर आली. पद्धत अपुरी, देखरेख अपुरी. तुळशीरामवर ठपका आला नाही, त्याला कामावर ठेवणं कारखान्याला भाग पडलं. गजाननवर काही आलं नाही. मला लेखी ताकीद मिळाली आणि किल्ल्यांचं काम काढून घेतलं. मी राजीनामा लिहून नेला. इंगळे साहेबांनी तो वाचला, परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मुंबईला गॅस्केटचं पत्र गेलं नाही अजून. ते आधी लिहा." त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. आठ वर्षं, त्यांची बदली होईपर्यंत.

दोन महिन्यांनी तुळशीराम परत आला. किल्ल्यांचा बोर्ड त्याच्याकडे दिला. पहिल्याच दिवशी तो रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"बाई, हे लिवाचं कसं ते शिकवा. डाव्या हातानं."

त्याला थोडं मराठी लिहिता येत होतं, तेही उजव्या हातानं. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आम्ही बसायचो. मी पाटीवर आकडे काढून द्यायचे आणि तो गिरवायचा. तीन हा आकडा त्याला फार दिवस उलटा यायचा. इंग्रजी काढून रजिस्टर मराठी केलं. संक्रांतीनंतर त्याची पहिली स्वतंत्र नोंद झाली तेव्हा त्यानं ती गजाननला नेऊन दाखवली.

"वाचता येते का बे?"

"कोंबडी नाचल्यावानी दिसते, पन येते," गजानन म्हणाला. अपघातानंतर मी त्याला पहिल्यांदा थट्टा करताना ऐकलं.

माफी मी तुळशीरामची शब्दांत कधी मागितली नाही. दोन-तीनदा तोंडावर आली. दर वेळी त्यानं कशाचा तरी विषय काढला, पट्ट्याचा, मुलाच्या शाळेचा. त्याला ती नको होती, की मला सोपं पडू द्यायचं नव्हतं, हे मला ठरवता आलेलं नाही. कौसल्या माझ्याशी पुढं बोलू लागली, पण हळदीकुंकवाला आमच्या घरी कधी आली नाही. मीही तिला बोलावणं करायला कधी चुकले नाही.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं किल्ल्या यंदा पूजेत नसतील. तुळशीरामनं तबक मागितलं. माझंच. त्यात फक्त हळदकुंकू आणि अक्षता घेतल्या आणि डाव्या हातानं तबक सांभाळत तो पूर्ण कारखान्यात फिरला. पंपावर एक फिटर काम करत होता. तुळशीराम त्याच्यापाशी गेला, तबक खाली ठेवलं आणि म्हणाला, "खिशातून चाबी काढ. हातात धर. देऊ नको, धर." त्यानं त्याच्या हातातल्या किल्लीला कुंकू लावलं. "आता ठेव खिशात." मग बोर्डापाशी येऊन उरलेल्या सात किल्ल्यांना, हुकावर असतानाच. आप्पांनी विचारलं, हे काय नवीन. तो म्हणाला, "आप्पा, पूजा चाबीपाशी जाईन. चाबी पूजेपाशी नाही येनार." गजाननला त्यानं आणखी एक लावून दिलं. नुसतं बोर्ड भरला का विचारायचं नाही. चालू करण्याआधी गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्या माणसाला नावानं हाक मारायची आणि त्याला डोळ्यानं वर आलेला पाहायचं. माझ्या चाळीस पानांच्या पुस्तकात हे नव्हतं.

ईशान, तुझं कुलूप कोणी उघडलं, कधी उघडलं, हे सांगतं. आत अजून कोणी आहे का, हे त्याला विचारता येतं का, ते मला कळव. टोमणा नाही, मला खरंच माहीत करून घ्यायचं आहे.

आता शेवटचं. तो कारखाना बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली. पॅनेल भंगारात गेलं, कुलपंही त्याबरोबरच गेली. रजिस्टरांना वाळवी लागली, लाल शाईचं ते पान त्यातच होतं. इंगळे साहेब, आप्पा, तुळशीराम, कौसल्या कोणी नाही. गजानन आहे, त्याला ऐकू कमी येतं. तुळशीरामच्या नातवांचं मोताळ्याला मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. तिथं खंडेनवमीला कुंकू किल्लीपाशी नेतात, आणि काम करणाऱ्याच्या खिशातली किल्ली त्याच्याच हातात राहते. असं का करतात ते त्या मुलांना नीट सांगता येत नाही, पण ते तसंच करतात.